दाजींच्या गाडीचं मिसिंग

नाही नाही दाजी, बॉनेटला हात लावू नका — तापलंय — तुम्ही त्या स्टुलावर बसा आणि मला बघू द्या. बहिणीचा नवरा म्हणून गॅरेजमध्ये मान आहे तुमचा, पण तो स्टुलावर, इंजिनात नाही. काय म्हणता, पुन्हा मिसिंग? एरवी मजेत चालते, पाय दाबला की आचके देते? देणारच! तुमच्या वयाचे लोक गुडघ्याला तेल लावतात, तुम्ही गाडीला सुपरचार्जर लावलात. आता तो करतो काय — इंजिनात हवा कोंबतो, ठासून — आणि त्या गर्दीत बिचाऱ्या ठिणगीने उडी मारायची! ठिणगीला जोर देणाऱ्या त्या जुन्या कॉइलचा जीव तो केवढा? दाब वाढला की ठिणगी विझते, गाडी आचका देते. म्हणून नव्या जोरदार कॉइल, आणि प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगीने उडी मारायची ती फट, थोडा कमी, एवढंच दुखणं. हो, तुम्ही आणल्यात त्या बरोबर आहेत. खोक्यावरचं वाचून दाखवू नका, मला येतं वाचता.

मग इतके दिवस का नाही केलं? आला का प्रश्न! अहो, कामं असतात — आणि ताई तरी कुठे बसते तुमच्या गाडीत? म्हणते, आचक्यांनी कंबर मोडते. तिला काय बोलायला जातंय, तिनेच तर मला — काही नाही. तो पाना द्या. तो नाही, लांब दांड्याचा. ‘तिनेच काय’ म्हणजे? कान बरे तिखट झालेत हो तुमचे ऑपरेशननंतर! बरं, असं बघू नका, सांगतो — पण घरी जाऊन भांडायचं नाही. छातीचे टाके सुकायच्या आत तुम्ही गाडी काढलीत ना, त्या दिवशी ताई इथे आली होती. दोन पायांत दोन वेगळ्या चपला. म्हणाली, असं काहीतरी कर की गाडी बंद पडणार नाही, पण यांना पळवताही येणार नाही. मी प्लगचा गॅप वाढवून दिला. हळू चालवलीत तर काही नाही, दाबलीत की आचके. तुम्ही पाय काढता, ताईला झोप लागते. आणि वर तीच त्या आचक्यांच्या नावाने खडे फोडते! आहे की नाही कमाल?

हसा, हसा, पण तिच्यावर रागावू नका. तिने सांगितलं ते एकदाच. मध्ये तुम्ही नवे प्लग टाकायला आलात, तेव्हा ती काही बोलली नव्हती. तेव्हा गॅप वाढवला तो मी, माझ्या मनाने. का म्हणजे? त्या हॉस्पिटलात काचेतून बघितलंय मी तुम्हाला, दाजी. भीती वाटते मला. तुम्ही नसलात तर मी चिडवायचं कुणाला?

काय म्हणालात? तुम्हालाही वाटते? मग दाबता कशाला एवढी! — थांबा, परत सांगा. आचका बसला की कळत नाही, गाडीचा की आपल्या छातीतला? म्हणून पुन्हा दाबून बघता — गाडीच आहे ना, म्हणून? रोज? आणि घरी कुणाला बोलला नाहीत?

अरे देवा. आणि आम्ही दोघं भाऊबहीण इकडे तुम्हाला जपत होतो!

उठा. नाही, काही बोलू नका. कॉइल बसवतो, गॅप बरोबर लावतो, एक आचका येणार नाही, हा माझा शब्द. तुम्ही घरी जा, ताईजवळ बसा. जा ना दाजी — आणि आत्ता मला सांगितलंत ते तिलाही सांगा.