पाळीवरच्या चंद्राच्या रेघा

जमलेल्या मंडळींनो, मायबहिणींनो, तुमसरवरून आलेल्या गुरुजीच्या लेकींनो,

मले बोलता येत नाही. मी आपल्या तलावाचा तुडूम, पाणी सोडायचं दार, उघडणारा माणूस. कोणाच्या धानाच्या बांधीले पाणी पाहिजे, तर पाणी देतो. एवढंच येते मले. पण आज गुरुजीच्या फोटोसमोर बोललो नाही, तर मंग कधीच बोलू नये.

गुरुजी शाळेतून रिटायर झाले, पण शिकवणं सुटलं नाही. आठवते ना तुमाले? दर कोजागिरीले आपण तलावाच्या पाळीवर, या मातीच्या बांधावर, दूध आटवत बसलो, की ते चुन्याचा डबा घेऊन यायचे. मोठ्या दगडावर मागच्या वर्षीच्या रेघेपासून दोन बोटं मोजायचे आणि नवी रेघ मारायचे. म्हणायचे, "वर्षभरात चंद्र आपल्यापासून एवढा दूर गेला."

एका वर्षी रुक्माकाकूनं विचारलं, "मंग एक दिवस सुटून जाईन का जी तो?" काकू खरंच भ्यायली होती.

गुरुजी म्हणाले, "नाही काकू. दूर जाऊन राहिला, पण पृथ्वीनं धरून ठेवलं आहे त्याले. तिचं फिरणंच थोडं थोडं घेऊन तो सरकते, म्हणून आपला दिवसही कणाकणानं लांबते. पण तो सुटायच्या आधी सूर्यच म्हातारा होईन. तू निवांत दूध पे."

आपण सगळे हसलो. चंद्राचं पक्कं आहे म्हणून घरी गेलो.

मंग तीन वर्षांमागं गावाकडच्या अंगाले, पाळीच्या दगडी भिंतीवर गेरूच्या रेघा दिसू लागल्या. सगळ्यायले वाटलं, गुरुजीचा चंद्रच. मलेही वाटलं. पोळ्याले पाळ चांगली दिसावी म्हणून मी त्याच्यावर चुना मारला. माझ्या या हातानं. गुरुजीनं परत रेघा ओढल्या. मी परत चुना मारला. भांडले नाही ते. परत ओढल्या.

मागच्या महिन्यात त्यायनं माझा हात धरला आणि भिंतीच्या भेगेत माझी दोन बोटं घातली. म्हणाले, "हा चंद्र नव्हे बाबू, हे भिंत आहे, रेघेरेघेनं सरकून राहिली. चंद्राले धरणारं कोणी आहे. हिले कोण धरते?"

मी म्हटलं, पाऊस उघडला की पाहू. काहून म्हटलं मी असं? आळस. दुसरं काही नाही.

गुरुजीले जाऊन पाच दिवस झाले. आज सकाळी मी त्याच भेगेत हात घातला. अख्खा पंजा आत गेला. खालून झिरपणारं पाणी कालपर्यंत निवळ होतं. आज गढूळ आहे. पाळीची माती घेऊन येऊन राहिलं ते. पाळीखाली कोणाची घरं आहेत, हे मी सांगू का?

मले माहीत आहे, धान निसवून राहिला, लोंब्या बाहेर येऊन राहिल्या. आता पाणी सोडलं तर शेवटच्या पाण्याले तलावात काही उरणार नाही. माझ्याही बांधीत धानच आहे. तरी मी विचारून नाही राहिलो, सांगून राहिलो. इथून उठलो की मी तुडूम पुरा उघडणार. मले शिव्या उद्या द्या.

आता गुरुजीसाठी दोन मिनिटं उभे राहू. पण कान पाळीकडे ठेवा. दोन मिनिटं झाली की पाळीखालच्यायनं म्हातारे, लेकरं, ढोरं घेऊन शाळेच्या टेकाडावर जावं. बाकीच्यायनं फावडे, टोपले, माती भरायले रिकामे बोरे घेऊन माझ्यामागं यावं.

गुरुजी, नमस्कार. चुना खरवडून काढला मी आज. तुमची पहिली रेघ दिसली.

उभे राहा.