बरोबर चोवीस बोल्ट

तो अपघात मी पाहिलेला नाही! म्हणजे कोणीच पाहिलेला नाही, कारण तो झालेलाच नाही. झाला तो टीव्हीवरच्या मालिकेत, आणि मालिकेतही मी पाहिला नाही, कारण तेव्हा मी प्रयोगशाळेत भांडी पाडत होते. हसू नका! किरणोत्सारी माल ज्या पोलादी भांड्यातून ट्रकनं नेतात, ते भांडं आम्ही नऊ मीटरवरून पाडतो, मग पोलादी खुंटावर पाडतो, मग अर्धा तास आठशे अंशांच्या आगीत ठेवतो, आणि इतकं करून ते टिकलं तरच त्याला रस्ता दाखवतो. आमची आत्या म्हणते, "घरी कप फोडलास की बोलणी खातेस, तिथे पाडायचा पगार घेतेस!"

तर तुम्हाला सांगते, खरा ट्रक चार दिवस झाले शहराबाहेर उभा आहे. त्यातला किरणोत्सारी कोबाल्ट इस्पितळातल्या कर्करोगावरच्या यंत्रासाठी, आणि त्या यंत्राखाली पहिला नंबर आत्याचा; गाठ आहे तिला, डॉक्टर म्हणतात उशीर नको. आणि ट्रक अडवलाय कोणी? मालिकेच्या प्रेक्षकांनी!

त्या मालिकेचा दिग्दर्शक स्वतः आला होता हो माझ्याकडे. "मॅडम, आम्हाला सगळं खरंखुरं हवंय!" असं कोणी म्हटलं की मी विरघळते, हा माझाच दोष. ट्रकवरची पाटी सुधारून दिली, चालकाचे कागद तपासून दिले, भांड्याच्या झाकणाला सोळा बोल्ट होते ते चोवीस करायला लावले. आणि शेवटी बजावलं, "आतला कोबाल्ट घन धातू असतो. तो सांडत नाही, वाहत नाही, आणि हिरवा तर मुळीच नसतो." तो वहीत लिहीत म्हणाला, "वा, किती छान!"

दाखवलं काय? ट्रक उलटला, झाकण उडालं, आणि हिरवागार रस गटारातून थेट शाळेच्या फाटकापर्यंत! पण बोल्ट? चोवीस. बरोबर चोवीस!

समोरच्या वकीलबाई जिन्यात अडवून म्हणतात, "अहो, पाटीसुद्धा हुबेहूब होती! पाटी खरी, कागद खरे, मग रसच तेवढा खोटा?" पाटी चुकली असती तर लोक हसले तरी असते... त्या थापेला मापाचे कपडे मीच शिवून दिले, बटणंसुद्धा मोजून. बरोबर चोवीस!

घरी आले, तर अडवणाऱ्यांच्या अर्जावर आत्याची सही.

"अगं आत्या, तो ट्रक तुझ्यासाठी येतोय!"

"उपचार घेणारच आहे की मी. ट्रक तेवढा आपल्या रस्त्यानं नको."

"मग कोबाल्ट येणार कसा? चालत?"

"ते तू बघ. शास्त्रीय सल्लागार म्हणून तुझं नाव आलं ना भागाच्या शेवटी! टाळ्या वाजवल्या मी."

दिग्दर्शकाला फोन करून झाडलं. त्यानं निमूट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, अग्निशमनवाल्यांच्या बुटांना नाड्या असतात का हो?" ...आणि मी सांगितलं! सविस्तर!

गुरुवारी रहिवाशांची सभा आहे, ट्रक सोडायचा की परत धाडायचा, हात वर करून ठरणार. आत्यानं पहिल्या रांगेतली खुर्ची धरायला सांगितलीय. म्हटलं, "आत्या, हात कोणत्या बाजूनं वर करणार?"

म्हणाली, "बुधवारचा भाग तर बघू दे आधी!"