अज्ञात आणि अज्ञात

अण्णा नगरहून अड्यारला निघालेल्या बसमध्ये पुढच्या बाकावरचे दोघे चक्क मराठी बोलत होते. मांडीवरची नवऱ्याची फाईल सावरत कनकाबाईंनी कान टवकारले.

"विश्वजित, आपला कंपायलर गिऱ्हाइकांचे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणताना प्रत्येक आकड्याची मर्यादा काढतो, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती. दोन आकड्यांच्या मर्यादा जुळल्या म्हणून आकडेही सारखेच, असं धरलंस?"

"मर्यादेत एकच किंमत असेल तर ते बरोबरच आहे. पण काहीच कळलं नाही की तो 'अज्ञात' लिहितो. ते वगळायला विसरलो."

"म्हणजे अज्ञात आणि अज्ञात जुळलं."

"जुळलं. मग तपासायचं कशाला, म्हणून कंपायलरनं गिऱ्हाइकांच्या प्रोग्रॅममधली 'दोन्ही आकडे सारखे आहेत का' ही तपासणीच उडवली."

"आणि आपल्या चाचण्या?"

"सगळ्या पास. त्यांतले आकडे आधीच माहीत होते ना."

"गिऱ्हाइकांना देऊन आठ महिने झाले रे! कुठे कुठे गेलं असेल?"

"नको विचारूस."

कनकाबाईंचा मोबाइल वाजला. मुलगी होती.

"अम्मा, दोन्ही डॉक्टरांचं मत एकच आहे म्हणालीस, म्हणून अप्पांची उद्याची बायॉप्सी रद्द केली. आता महिनाभर तारीख नाही."

"लावण्या... दोघंही 'काही सांगता येत नाही' एवढंच म्हणाले गं."