कुलपाची टाकी

वाळवंटातल्या हैमा गावात गॅरेजबाहेर म्हातारी मोझा बाकावर टेकली होती. तिचा नवरा वाळवंटात पेट्रोल टपावरच्या कॅनमधून न्यायचा. आता शेजारच्या जीपखाली उस्ताद मेकॅनिक पेट्रोलच्या जादा टाकीसाठी जागा मोजत होता आणि जीपवाल्या नवरा-बायकोची जुंपली होती. मोझाचे कान अजून तिखट होते.

“यंदा लेकीच्या बाळंतपणाला वेळेवर पोचू, उम्म सुहैल,” नवरा सुहैलच्या आईला म्हणाला.

“मागच्या खेपेला काय झालं होतं?”

“पेट्रोल संपलं.”

“संपलं कुठे, तुम्ही वाटलंत! वाटेत तीन गाड्या अडकलेल्या, तिघांना दिलंत. पोचलो तेव्हा नातू चार दिवसांचा झाला होता.”

“अडलेल्याला तसाच सोडून जाऊ?”

“आता टाकी मोठी, म्हणजे वाटप मोठं. उस्ताद, झाकणाला कुलूप लावा. किल्ली माझ्याकडे राहील.”

“राहू दे. पण कुणी लेकरं घेऊन उभं असलं तर?”

“तर माझ्याकडे मागा.”

“आणि एकटाच म्हातारा असला तर?”

बाई जीपखाली वाकली.

“उस्ताद, एका टाकीनं नाही भागायचं. दोन बसवा.”