सुपारी फुटल्यावरचा अर्ज

अर्ज वाचल्याशिवाय शेरा मारू नये, हे मला साहेबानं नाही, पासलीच्या एका पोरीनं शिकवलं.

सत्तर सालच्या आसपास मी वेल्ह्याच्या कचेरीत नवा कारकून होतो. लोक फेरविचाराचे अर्ज आणायचे आणि मी न वाचताच खाली लिहायचो, 'फेरविचारास कारण दिसत नाही.' एका बाजाराच्या दिवशी मान खाली घालूनच विचारलं, "अर्ज कशाचा?"

"फेरविचाराचा."

"कुठल्या निर्णयाचा?"

"आपल्या लग्नाचा."

मान वर केली आणि हातातला टाकच पडला. जिच्याशी माझं लग्न ठरून आठवड्यापूर्वी सुपारी फुटली होती, तीच समोर! आमच्याकडं सुपारी फुटल्यावर मुलीचा बापही ब्र काढत नाही, आणि ही एकटी एसटीनं कचेरीत!

"लगीन मोडायचं न्हाई," ती म्हणाली. "मास्तरणीच्या ट्रेनिंगला नंबर लागलाय. दोन वर्सं थांबा, येवढंच म्हननं हाये."

सगळी कचेरी बघत होती. मी चिडलो, तिच्या अर्जावरही तोच शेरा मारला आणि कागद परत दिला. तिनं तो नीट घडी घालून पिशवीत ठेवला.

चार दिवसांत लग्न मोडल्याचा निरोप आला. तोवर माझा राग पार उतरला होता. मी तिला पत्र लिहिलं, 'दोन काय, चार वर्षं थांबतो. फेरविचार व्हावा.'

उलट टपाली माझंच पत्र परत आलं. खाली तिच्या वळणदार अक्षरात एकच ओळ होती:

'फेरविचारास कारण दिसत नाही.'