थोडंच राहिलंय

येझ्ना : नाही म्हणजे नाही! मेल्वा नदीमायचा दोरा बांधला तर प्रत्येक बाळंतपणात गात बसायचं. माझा आवाज ऐकलायस ना, तिल्को? बाहेर येणारं पोर परत आत पळेल.

तिल्को : मग अग्निदेवाचा बांध. नुसती फुंकर मारलीस की पाणी गरम. सुईणीला आणखी काय पाहिजे?

येझ्ना : आणि जन्मभर मीठ सोडायचं? त्यापेक्षा चूल पेटवलेली बरी. सकाळपासून अख्खी निवडजत्रा पालथी घातली मी, फुकट काही देईल असा एक देव भेटेल तर शपथ.

बारदुक : अहो बाई, जोडे! ओरुनदेवाच्या पायरीवर बसलात तुम्ही. मी बारदुक, इथला पुजारी. बसा, पण जोडे काढून बसा. मी कोणाला दोरा बांधायचा आग्रह करत नाही हो.

तिल्को : अगंबाई! घंटा आपोआप वाजली!

बारदुक : हं. ती वाजते. इथं कोणी खोटं बोललं की वाजते. म्हणजे... करतो मी थोडासा आग्रह. काय करणार? गेल्या जत्रेत एकच माणूस आला होता, तोसुद्धा सावलीला.

येझ्ना : चला, दिवसभरात एक देव तरी हसवणारा निघाला.

बारदुक : तुम्ही सुईणबाई येझ्ना ना? बिनदेवाच्या?

येझ्ना : चोवीस वर्षं बिनदेवाची. कोणाचं काही अडलं नाही. आता हा नवा कायदा काढलाय, उद्यापासून मनगटाला देवाचा दोरा नसेल तर सुईणीनं बाळंतिणीचा उंबरा ओलांडायचा नाही. जत्रा आज संपणार. पायरीवरचं ऊन गेलं की पुढच्या वर्षापर्यंत सगळी देवळं बंद. आणि ही माझी भाची, नऊ महिने भरलेली. हिला काय दाराबाहेरून ओरडून सांगू?

बारदुक : मग ओरुनचं ऐकून तरी घ्या. ओरुनच्या माणसाचं रक्त ऐकतं.

येझ्ना : म्हणजे?

बारदुक : वाहत्या रक्ताला ‘थांब’ म्हटलं की थांबतं.

येझ्ना : परत म्हणा.

बारदुक : वाहत्या रक्ताला...

येझ्ना : घंटा वाजली का गं, तिल्को?

तिल्को : नाही वाजली.

येझ्ना : पुजारीबाबा, माझी बहीण सार्मी, या तिल्कोला जन्म देऊन गेली. रक्त थांबेचना. मी दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. होत्या नव्हत्या तेवढ्या देवांना हाका मारून झाल्या, एक आला नाही. त्या दिवशी मी सगळ्यांशी कट्टी केली. आणि तुम्ही आज सांगताय?

बारदुक : आमच्याकडे कोणी विचारायला येत नाही, बाई. कारण अट वाईट आहे. दोरा बांधल्यावर एक खोटं बोललात, एकच, की दोरा तुटतो. पुन्हा बांधता येत नाही.

तिल्को : झालं! संपला विषय! आजोबा, हिनं निम्मं गाव खोटं बोलूनच जन्माला घातलंय. बाई पहाटे कळा द्यायला लागली की हिचं सुरू, ‘थोडंच राहिलंय गं, थोडंच राहिलंय.’ दिवस मावळेपर्यंत तेच!

येझ्ना : ते काय खोटं? थोडंच राहिलेलं असतं.

बारदुक : वाजली.

येझ्ना : ऐकू आलं मला! बरं, खोटं तर खोटं. त्यावरच बायका तग धरतात. खरं सांगितलं तर उठून घरी जातील.

तिल्को : म्हणून म्हणते, हा देव नको. मला ते खोटं हवंय. गावातल्या झाडून सगळ्या बायकांनी ऐकलं, मीच तेवढी कोरडी राहू? सख्खी भाची असून?

येझ्ना : आणि रक्त? तुझी चण आईचीच आहे.

तिल्को : मला नाही भीती वाटत रक्ताची.

येझ्ना : ...वाजली, बाळा.

तिल्को : ही घंटा काढून नदीत टाका कोणीतरी!

येझ्ना : आणि मघापासून कंबर धरून का बसलीयस?

तिल्को : काही नाही. पायरी टोचतेय.

बारदुक : वाजली हो.

येझ्ना : तिल्को!

तिल्को : सकाळपासून जरा जरा दुखतंय... अगं हो, हो, वाजू दे! काल संध्याकाळपासून दुखतंय. आणि जरा नाही, खूप.

येझ्ना : आता नाही वाजली. अगं भवाने, आणि माझ्याबरोबर जत्राभर मिरवत होतीस? पुऱ्या खायला थांबलीस!

तिल्को : तुला कळलं असतं तर पहिला दिसेल त्या देवाचा दोरा बांधून मोकळी झाली असतीस. मग जन्मभर बिनमिठाचं खात मला शिव्या दिल्या असत्यास. आई गं...

येझ्ना : घरापर्यंत नाही पोहोचायची ही. पुजारीबाबा, खोली आहे?

बारदुक : आहे ना, देवळामागेच. अगदी स्वच्छ. ...थांबा, झाडून घेतो.

येझ्ना : आधी दोरा बांधा.

तिल्को : मावशी, नको! मग मला धीर कसा देशील?

येझ्ना : ते मला माहीत नाही. पण सार्मीच्या वेळेसारखी रिकाम्या हातांनी बसणार नाही मी. बांधा, बाबा. काय म्हणायचं असतं?

बारदुक : देवाला एक खरी गोष्ट सांगायची. मनातली.

येझ्ना : मला तुझा राग आहे. तुझा आणि तुझ्या सगळ्या भावंडांचा. अजून गेलेला नाही. ...चालेल हे?

बारदुक : ओरुनला चालतं. बाकीच्यांनी हाकलून दिलं असतं.

(देवळामागची खोली. उन्हं कलली आहेत. बारदुक दाराबाहेर.)

तिल्को : किती राहिलं? मावशी! किती राहिलं?

येझ्ना : (मनगटाच्या दोऱ्याकडे बघते.)

तिल्को : बोल ना! दोऱ्याकडे काय बघतेस?

येझ्ना : खूप राहिलंय, तिल्को.

तिल्को : काय?

येझ्ना : निम्मंही झालेलं नाही. अजून बराच वेळ दुखणार आहे, आणि यापेक्षा जास्त दुखणार आहे.

तिल्को : जळला मेला तुझा देव!

बारदुक : मला ऐकू येतंय!

तिल्को : ऐका! ऐकाच! ...मग मावशे, मी आत्तापासून कशाला एवढा जोर लावतेय? आधी का नाही सांगितलंस? पाणी दे. ती उशी दे पाठीला. आणि पुऱ्या उरल्यात का?

येझ्ना : तू... तुला घाबरायला नाही झालं?

तिल्को : झालं ना. पण किती चालायचंय ते तरी कळलं. तू इथंच आहेस ना?

येझ्ना : इथंच आहे. हलत नाही.

बारदुक : नाही वाजली!

येझ्ना : तुम्हाला कोणी विचारलं?

तिल्को : हसवू नकोस गं, दुखतं...

(रात्र झाली आहे. खोलीत दिवा लागला आहे.)

तिल्को : आई! मावशी, आता? आता किती?

येझ्ना : थांब, बघू दे. ...थोडंच राहिलंय.

तिल्को : खरंच?

येझ्ना : खरंच गं, खरंच! डोकं दिसतंय मला! आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगतेय मी हे, लाव जोर! लाव, लाव, लाव... आली! मुलगी! तिल्को, मुलगी!

बारदुक : मुलगी! ओरुनच्या देवळात मुलगी! कशी आहे हो? सुंदर?

येझ्ना : भाजलेल्या कांद्यासारखी आहे.

तिल्को : मावशी!

येझ्ना : काय करू, हाताला दोरा आहे. उद्या होईल बरी. धर, छातीशी धर.

तिल्को : ए कांद्या! ए! ...मावशी, तुझा चेहरा असा का झाला?

येझ्ना : रक्त येतंय. जास्त येतंय. तू पोरीकडे बघ. थांब. ऐकतंयस का? थांब म्हणते ना तुला! माझी एक नेलीत, ही नाही देणार. थांब!

तिल्को : मावशी...

येझ्ना : थांबलं.

तिल्को : रडतेयस?

येझ्ना : हो, रडतेय. थांबलं, तिल्को. ऐकलं त्यानं माझं.

तिल्को : ये, अशी बस माझ्याजवळ. ...मावशी, एक विचारू? तू नेहमी सांगतेस, आईनं मला बघितलं होतं म्हणून. बघून हसली होती म्हणून.

येझ्ना : हं.

तिल्को : मी कधी मानलंच नाही ते. आई गेलेल्या सगळ्याच पोरांना तू तेच सांगतेस. धोब्याच्या लेकाला सांगितलंस, तेव्हा मी तिथंच होते.

येझ्ना : सांगते. त्या सगळ्यांना खोटं सांगितलं. तुला सांगितलं तेवढंच खरं होतं.

तिल्को : बघितलं होतं?

येझ्ना : मी तुला तिच्या तोंडाजवळ धरलं. तिनं बघितलं, हसली, आणि म्हणाली, ‘येझ्ने, नाक तुझं घेतलंय हिनं, आता हिचं कसं व्हायचं?’

तिल्को : (दाराबाहेर, घंटेच्या दिशेनं बघते.)

येझ्ना : नको बघूस तिकडे. नाही वाजायची ती.

तिल्को : पुन्हा सांग.