मोज्यातून बाहेर आलेला अंगठा

...आणि वर म्हणतात कसे, ‘आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे.’ अगं, महत्त्वाचा आहे तर उचल ना! तुम्हाला सांगते, सकाळपासून फोन कानाला लावून बसले होते, कान भाजून निघाला, आणि त्या रेकॉर्डवरच्या बाईचं आपलं तेच, मधे पिपाणी, परत तेच.

थांबा, नीट सांगते. मी मोज्यांच्या कारखान्यात होते, तपासणीला. म्हणजे काय, तर मोजा आला की हात आत घालायचा, पार टोकापर्यंत, अंगठा शिवणीवरून फिरवायचा, भोक असलं की अंगठा बाहेर. दिवसभर तेच. हाताला सवय अशी लागलीय की शेजारणीच्या दोरीवर मोजा वाळत दिसला तरी माझा हात आत! नवरा म्हणतो, ‘एक दिवस मार खाशील.’ तर तो कारखाना उचलून नेला समुद्रापलीकडे. मशिनं खोक्यात भरली कुणी? आम्हीच, बरं का, चिंध्या लावून, ओरखडा नको म्हणून! सुपरवायझरला विचारलं, तो म्हणे, ‘वरून ऑर्डर आहे.’ मालकाला गाठलं, तर मालक रुमालानं डोळे पुसतोय, ‘मी काय करू, गिऱ्हाइकाला स्वस्त हवंय.’ आता सांगा, चिडायचं कुणावर?

बरं, हे गिऱ्हाईक कोण? ऐका. परवा सासूबाई शेजारणीचा हात धरून बाजारात गेल्या आणि खुशीत परत आल्या. ‘बघ गं, मोजे! निम्म्या किमतीत!’ माझा हात गेलाच आत... आणि अंगठा बाहेर. शिक्का बघितला, तर आमचाच कारखाना, फक्त देश दुसरा. डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, ‘आई, भोक आहे याला.’ तर म्हणाल्या, ‘मला कुठं दिसतंय?’ खरंच दिसत नाही हो त्यांना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन ठरलं होतं माझ्या कारखान्याच्या विम्याच्या कार्डावर. कारखाना गेला, कार्ड बंद. मग चिडायचं कुणावर? भिंत धरून चालणाऱ्या बाईवर?

गेले सरकारी ऑफिसात. खिडकीतले साहेब मान वर न करता म्हणाले, ‘काम गेलेल्यांना दुसरं कार्ड मिळतं, अर्ज टाकून जा, पण पुढचं आता इथं होत नाही. हेल्पलाइनला फोन करा.’ अहो, तुम्ही चांगले जिवंत समोर बसलाय ना? तर म्हणे, ‘ते काम आम्ही बाहेर दिलंय.’ मी येडी, बाहेर व्हरांड्यातही बघून आले!

म्हणून आजचा हा फोन. शेवटी उचलला एका मुलीनं. मराठी अशी की परकी भाषा पाठ करून आलीय, ‘आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ मी सुरूच झाले. मोजे, मशिनं, मोतीबिंदू, सगळं तिच्या अंगावर ओतलं. तुझ्या घरात कुणाचं काम गेलं असतं ना, मग कळलं असतं तुला, असंही म्हणाले. ती म्हणते, ‘ताई, आपला अर्ज प्रक्रियेत आहे. याहून जास्त मला काही दिसत नाही.’ घ्या, हिलाही दिसत नाही! आणि मग अगदी हळू... ‘ताई, मोज्यांचा कारखाना म्हणालात? तो इकडे आमच्या देशात, आमच्याच गावी आला आहे. माझी बहीण लागली तिथे. तपासणीला.’

तुम्हाला सांगते, तोच मोजा तेव्हा माझ्या हातात होता. अंगठा बाहेर. शब्द ओठांवर होते, चांगले धारदार. आणि तोंडातून निघालं काय? ‘तिला सांग, हात टोकापर्यंत घाल म्हणावं. अंगठा फिरव.’ ती म्हणाली, ‘तेवढा वेळ देत नाहीत हो ताई.’ आणि लगेच, ‘ताई, फोन संपला की माझे गुण विचारतील. पाच दाबाल? कमी पडले की काढतात. आमचंही काम आता मशीनकडे चाललंय.’

आता सांगा. चिडायचं कुणावर? कार्ड नाही, तारीख नाही, ऑपरेशन लटकलेलं... आणि मी पाच दाबले. दाबले बाई.

आतून सासूबाई विचारतात, ‘कुणावर ओरडत होतीस गं एवढा वेळ?’

म्हटलं, ‘कुणावर नाही, आई. राँग नंबर होता.’